सोपेपणा हा स्वातंत्र्याचाच भाग
‘ज्याला कमांड (संगणकाला टाइप करून द्यायची सूचना) लिहिता येत नाही, त्याच्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर सोपे करण्यात वेळ का दवडावा?’ हा आक्षेप मला पटत नाही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कोणालाही चालवता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येणारे सॉफ्टवेअर; त्याच्या चळवळीने सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी पहिले (शून्यापासून मोजण्याच्या प्रोग्रॅमरांच्या सवयीप्रमाणे त्याचा क्रमांक शून्य!) हे प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवण्याचे आहे, आणि ज्याला तो चालवताच येत नाही त्याच्यासाठी ते कागदावरच राहते. २००४ मध्ये फायरफॉक्स या मुक्त ब्राउझरची १.० आवृत्ती आली, तेव्हा बहुतेकांनी ती परवाना वाचून नव्हे, तर टॅब आणि पॉप-अप रोखण्याची सोय पाहून स्वीकारली असावी. असे सॉफ्टवेअर विनावेतन घडवणाऱ्यांवर ते सोपे करण्याची सक्ती करता येत नाही, हे मान्य. परंतु नवख्याच्या प्रश्नाला ‘आधी मॅन्युअल वाचा’ एवढेच उत्तर देणे हा निव्वळ उद्धटपणा आहे.