मदत हवी आहे: रुतलेली संसद स्वतःला सुधारते का?

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासगटात रविवारी मला याच प्रश्नावर मांडणी करायची आहे. आपल्याकडचं चित्र माहीत आहे. १७व्या लोकसभेला अख्ख्या मुदतीत उपाध्यक्षच मिळाला नाही, आणि खासगी सदस्याचं विधेयक संसदेत मंजूर व्हायला १९७० नंतर मुहूर्तच लागलेला नाही. पक्षांतरबंदी कायदा, त्यातली २००३ची दुरुस्ती वाचून झाली. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे अहवालही चाळले (शिफारशींना तोटा नाहीच).

अडलोय ते बाहेरच्या उदाहरणांवर. न्यूझीलंडने १९९३च्या सार्वमतानं निवडणूक पद्धतच बदलली, पण तिथली लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. गटातले काका पहिल्यांदा तेच काढणार! फ्रान्सची १९५८ची नवी राज्यघटनाही बाद, कारण त्यामागे अल्जीरियातलं लष्करी बंड होतं. इटलीनं २०२०मध्ये खासदार ९४५ वरून ६०० केले, पण डोकी कमी केली म्हणजे कारभार सुधारला असं मला वाटत नाही.

पक्षीय वाद नको, युद्धानंतरची उदाहरणंही नकोत. मोठ्या, शक्यतो संघराज्य असलेल्या देशात सत्ताधाऱ्यांनी स्वतःचेच अधिकार कमी करणारा कायदा केला आणि सरकार बदलल्यावरही तो टिकला, असं एखादं उदाहरण कुणाला ठाऊक आहे का?