थ्रिलर म्हणजे रहस्यपट का?

प्रश्न : परीक्षणांत 'थ्रिलर'ला सर्रास 'रहस्यपट' म्हटलेलं दिसतं. ते बरोबर आहे का? शिवाय 'सस्पेन्स', 'रेड हेरिंग' आणि 'मॅकगफिन' यांना मराठीत काय म्हणावं?

उत्तर : थ्रिलरला 'थरारपट'च म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. रहस्यपटात खून होऊन गेलेला असतो आणि तो कोणी केला, हे हुडकायचं असतं. थरारपटात संकट अजून यायचं असतं. बऱ्याचदा ते प्रेक्षकाला दिसतं, पात्राला दिसत नाही.

थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं उदाहरण इथे चपखल आहे. काही माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि खाली बॉम्ब आहे. तो एकाएकी फुटला, तर १५ सेकंदांचा धक्का. पण तो ठेवताना आपण पाहिलाय, एक वाजता फुटणार हे ठाऊक आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय, तर त्याच फुटकळ गप्पा १५ मिनिटं जीव टांगणीला लावतात. सस्पेन्स म्हणजे ही टांगणी. 'उत्कंठा' त्यामानाने सौम्य; ती निकालाचीही असते, पत्राचीही.

'रेड हेरिंग'साठी मला 'हूल' आवडतो. नको त्या माणसावर संशय जाईल अशी सोय दिग्दर्शक करतो, म्हणजे हूलच देतो.

'मॅकगफिन' म्हणजे ज्याच्यासाठी पात्रांची धावाधाव चालते, पण प्रेक्षकाला ज्याचं फारसं सोयरसुतक नसतं, अशी वस्तू. हिचकॉकच्याच 'सायको'तले (१९६०) ४०,००० डॉलर बघा. नायिका ते घेऊन पळते, म्हणून त्या मोटेलवर पोचते. पुढे वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती रक्कम गाडीसकट दलदलीत जाते आणि गाडी बुडवणाऱ्याला त्या पैशांचा पत्ताही नसतो! मी 'निमित्त' म्हणेन.

दुसरं मत : 'हूल' एकदम पटला. 'निमित्त' मात्र फार मोघम वाटतो. कारण, सबब, योग, सगळ्यालाच आपण निमित्त म्हणतो. 'मॅकगफिन' मुळातच निरर्थक नाव आहे, ते तसंच ठेवावं.

उत्तर : नुसता 'निमित्त' मोघम आहे, मान्य. 'निमित्तवस्तू' केलं तर? 'पैसे ही इथे निमित्तवस्तू आहे' हे वाक्य परीक्षणात खटकणार नाही. 'ट्विस्ट'साठी मात्र काही घडवायला नको, 'कलाटणी' आहेच.