सल्ला हवा: फिरताना समोरून दुसरा कुत्रा आला की काय करायचं? (ताळगाव, गोवा, बजेट १५०० रुपये)

बांधावरची
नमस्कार मंडळी. आमच्याकडे शेरू आहे, इंडी (देशी कुत्रा), साधारण तीन वर्षांचा, नसबंदी झालेली, लसी वेळेवर. माणसांना काही करत नाही, गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांशीही त्याचं बरं जमतं. त्रास होतो तो पट्ट्यातल्या पाळीव कुत्र्यांचा. समोरून कोणी आलं की शेरू थांबतो, तोंड बंद करतो, मानेवरचे केस उभे राहतात आणि समोरचा मालक तरी थेट नाकासमोर आपला कुत्रा आणून म्हणतो की "आमचा काही करत नै हो, खेळू दे ना". मग व्हायचं ते होतं, भुंकाभुंकी, ओढाओढी आणि वर आम्हालाच ऐकवतात की कुत्र्याला वळण लावा.
संध्याकाळी बाबा नेतात त्याला. बाबा सत्तरीपुढचे, एक गुडघा दुखतो, पण ती फेरी त्यांचीही आहे, ती मी बंद करणार नाही. आमच्या आळीत एक गृहस्थ त्यांचा लॅब (लॅब्राडोर) मोकळाच सोडून फिरवतात, जुने शेजारी, चवथीला एकमेकांच्या घरी जाणं-येणं, त्यामुळे भांडण नको आहे. अशा वेळी नीट पद्धत काय असते? आणि काही घ्यायचंच तर १५०० च्या आत काय घेऊ?

दोन_लॅबची_आई
त्याला सोशल करा ताई, दुसरं काही नाही. रविवारी सकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर आणा, माझी दोन्ही मुलं (म्हणजे लॅब) सगळ्यांशी खेळतात, आजवर कोणाला ओरखडासुद्धा नाही. आणि हार्नेस (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा) चांगला घ्या, माझ्या भावाने दुबईहून आणलाय, साडेसहा हजाराला पडला पण शिलाई बघाल तर थक्क व्हाल. १५०० मध्ये जे मिळतं ते एका पावसाळ्यात कुजतं.

म्हापशेकर
तुमचे लॅब खेळकर आहेत म्हणून समोरचा पण तसाच असेल असं कसं धरता? सगळा घोळ इथंच होतो. आमच्या म्हातारीला (कुत्री, तेरा वर्षं, कंबर धरलेली) असाच एक तरुण गोल्डन येऊन आपटला, मालक पाठीमागून हसत हसत येतोय, "ही वॉन्ट्स टू से हॅलो" म्हणे. तिला नंतर आठवडाभर जिना चढवेना.
पद्धत विचारलीत ना, सोपी आहे. लांबूनच, निदान वीस-पंचवीस फुटांवरून, थांबून विचारायचं "भेटवू का?" आणि उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही. नाही म्हटलं तर रस्त्याची बाजू बदलून जायचं, कारण विचारायचं नाही. कुत्रा म्हातारा असेल, ऑपरेशन झालेलं असेल, घाबरट असेल, पिल्लू असेल आणि पार्वोच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लसी पुऱ्या व्हायच्या असतील, शंभर कारणं असतात. आणि कृपा करून पिशवी घेऊन चला, करंजाळ्याच्या वाळूत सकाळी पाय ठेवायची सोय राहिलेली नाही.

फोंड्याचा_तिस्क
+१ म्हापशेकर. आधी विचारा. मीही तेच म्हणतो.
बाकी हार्नेसच घ्या, पण पुढे छातीवर कडी असलेला. पाठीवर कडी असली की कुत्रा अजून जोरात ओढतो, बैलगाडी ओढल्यासारखा. पुढच्या कडीला पट्टा लावला की ओढताना तो आपोआप वळतो. भारतीय कंपन्यांचे हजाराच्या आत येतात, साडेसहा हजारांची काही गरज नाही.

दोन_लॅबची_आई
क्वालिटीत फरक असतो हो.

सासष्टीकर
एक गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून सांगतो, तो बटण दाबून लांब होणारा पट्टा घेऊ नका, कोणी फुकट दिला तरी नको. आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा पाच मीटर पुढे गेला, समोरून स्कूटर आली, दोरी मध्ये ताणलेली, स्कूटरवाली बाई पडली आणि दोरी ज्यांच्या पोटरीला घासली त्यांना भाजल्यासारखा वळ उठला. समोर दुसरा कुत्रा असताना तर तो पट्टा वेळेत आखडताच येत नाही. साधा दीड-दोन मीटरचा कापडी पट्टा, बस्स.

पर्वरी_हाइट्स
मी वापरतो तो पट्टा, चार वर्षं, काही झालेलं नाही. ब्रेक लावायला शिकावं लागतं.

सासष्टीकर
स्कूटरवाल्या बाईंनी पण शिकायचं का?

कान_शेपूट
मी पूर्वी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात मदतीला जायचे, तिथे जे शिकले ते लिहिते, लांब होईल.
ताई, तुमचा शेरू भांडखोर नाही. मोकाट कुत्र्यांशी त्याचं जमतं याचा अर्थ कुत्र्यांची भाषा त्याला नीट येते. मोकळे कुत्रे सहसा सरळ नाकासमोर चालत येत नाहीत, ते अर्धगोल घेऊन बाजूने येतात, जमिनीचा वास घेतात, मान वळवतात, मग शेपटीकडून हुंगतात. आपण दोघांना पट्ट्यात बांधून अरुंद रस्त्यावर समोरासमोर नेतो, ते त्यांच्या लेखी उर्मटपणाचं. वर पट्टा ताणलेला, पळून जायची वाट बंद, मग उरतं काय, तर भुंकून समोरच्याला लांब करणं. तुम्ही लिहिलंय तो थांबतो, तोंड बंद करतो, तिथेच त्याने सांगितलेलं असतं. त्याआधी बहुतेक जीभ नाकावरून फिरवत असेल किंवा जांभई देत असेल, बघा लक्ष ठेवून.
शेपूट हलते म्हणजे खुश, असंही नाही. सगळं अंग सैल, ढुंगण सुद्धा हलतंय, तर ठीक. शेपूट वर ताठ आणि फक्त टोक भरभर थरथरतंय तर निघा तिथून.
बाबांना एवढं सांगा: मुठीला पट्टा दोन-तीन वेढे देऊन आवळून धरू नका, आपण आवळला की त्याला कळतं की समोर काहीतरी धोका आहे. पट्टा इंग्रजी यू सारखा सैल लोंबू दे. समोर कुत्रा दिसला की शेरूने बघायच्या आत, किंवा बघून अजून ताठ व्हायच्या आत, रस्ता ओलांडा किंवा गाडीच्या आडोशाला जा आणि खाऊ जमिनीवर टाका, मूठभर, पसरून. नाक खाली गेलं की अंग सैल पडतं. समोरचा जाईपर्यंत खाऊ, तो गेला की खाऊ बंद. काही आठवड्यांत तो कुत्रा दिसल्यावर आपणहून बाबांकडे बघायला लागेल.
आणि भेटवायचंच असेल कधी, तर तीन सेकंद हुंगू द्या, मग हसत हाक मारून बाजूला घ्या. ओढून नाही.

म्हापशेकर
वा. हे वर पिन करून ठेवायला पाहिजे.

एकच_उपाय
चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) लावा, दोन झटक्यांत सरळ होतो. आमच्या जर्मन शेफर्डला तसंच केलं, आता कुत्रा समोरून गेला तरी ढिम्म.

कान_शेपूट
झटका बसतो तो समोर कुत्रा असताना. म्हणजे कुत्रा दिसला की गळा दुखतो, एवढंच तो शिकतो, आणि पुढच्या वेळी भुंकायच्या ऐवजी थेट चावू शकतो, कारण गुरगुरणं तुम्ही बंद करून ठेवलेलं असतं. शिवाय श्वासनलिकेला इजा होऊ शकते ती वेगळीच. कृपया कोणीही हा सल्ला घेऊ नका.

पर्वरी_हाइट्स
पहाटे पाच वाजता न्या. कोणी नसतं. प्रश्न संपला.

फोंड्याचा_तिस्क
पहाटेचं बेस्ट, मी पण साडेपाचला नेतो. उन्हाळ्यात तसंही डांबर तापलेलं असतं, हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसवलं नाही तर त्याच्या पायांनाही नाही.

कोलवा_बीच
मंडळी, गोव्यात रेबीज आता नाही, उगाच घाबरता चावण्याला. आम्ही दोन वर्षं लस दिली नाही, कुत्रा ठणठणीत.

बांबोळीची_बाय
असं लिहू नका हो, कोणीतरी वाचून खरंच लस टाळेल. गोवा २०२१ मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं ते लसीमुळेच, सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरली, शाळांमधून मुलांना शिकवलं. शेजारच्या राज्यांतून कुत्री येत-जात असतात, लस थांबवली की तो परत येणार. चावा सोडा, खरचटलं तरी आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जायचं. हळद, चुना, कॉफी काही लावायचं नाही. तुमच्या कुत्र्याची दर वर्षीची लस चुकवू नका, हात जोडते.

कोलवा_बीच
बरं, या आठवड्यात नेतो त्याला.

कायद्याने_चला
मोकळा सोडणाऱ्यांसाठी: भारतीय न्याय संहिता कलम २९१, आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्यांना एकदा पंचायतीमार्फत पत्र पाठवा, जागेवर येतील.

एकच_उपाय
खरा धोका पिटबुल-रॉटवायलरचा आहे, त्यांच्यावर बंदी का नाही घालत आधी?

कायद्याने_चला
केंद्राने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींबद्दल पत्र काढलं होतं, कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं. जातीपेक्षा मालक महत्त्वाचा.

म्हापशेकर
तो विषय वेगळ्या धाग्यावर न्या, इथे शेरूचं चाललंय.

लॅबवाले_काका
मी मोकळा सोडणाऱ्यांपैकी आहे म्हणून माझीही बाजू लिहितो. आमच्याकडे रस्त्यावर वर्दळ नाही, कुत्रा हाकेला येतो, त्याला पट्ट्यात बांधून ठेवणं मला बरं वाटत नाही. पण वर त्या ताईंनी लिहिलंय की समोरचा पट्ट्यात असला की त्याला पळायची सोय नसते, ते माझ्या कधी मनात आलं नव्हतं. समोर पट्ट्यातला दिसला तर आपलाही बांधायचा, हे मला पटतं. फक्त पत्रं-बित्रं पाठवू नका हो, माणूस येऊन बोलला तर ऐकतो. मी तरी ऐकेन.

बांबोळीची_बाय
काका, लिहिलंत ते फार बरं केलंत.

सासष्टीकर
बाबांच्या हातात छत्री द्या, पाऊस असो नसो. मोकळा कुत्रा अंगावर आला तर त्याच्या दिशेने फटकन उघडायची, तो थबकतो, मध्ये भिंत तयार होते. फक्त घरी आधी शेरूसमोर चार-पाच वेळा हळू उघडून दाखवा, नाहीतर तोच पळेल. आणि भांडण लागलंच तर गळ्याशी हात घालायचा नाही कोणी, आपलाच हात जातो. पाणी ओता, मोठा आवाज करा, दोघं माणसं असाल तर एकेकाने आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे चालत जायचं.

बांधावरची
सगळ्यांचे आभार, इतकी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. खाऊ म्हणून सुकी सुंगटं (कोळंबी) चालतील का? शेरू त्यांच्यासाठी काहीही करेल.

कान_शेपूट
सुंगटं खारवलेली असतात, रोज मूठभर मीठ नको. उकडलेली कोंबडीची कलेजी बोटाच्या पेराएवढे तुकडे करून डब्यात.

दोन_लॅबची_आई
आमच्याकडे तर रोज सुका बांगडा खातात, काही होत नाही.

फोंड्याचा_तिस्क
हार्नेस घेतलात का मग?

बांधावरची
ठरलं ते सांगते, रागावू नका कोणी. हार्नेस घेत नाही. मैत्रिणीचा आणून घालून पाहिला, डोक्यावरून काही सरकलं की शेरू जमिनीला चिकटून बसतो, अर्धा तास हलला नाही. त्याला त्याची सवय लावण्यात बाबांची फेरी बुडेल. मिरामारलाही नेत नाही, पावसात तिथली कुत्री उपाशी आणि चिडलेली असतात, तिथे मी त्याला का ढकलू? पहाटेही नाही, बाबांना संध्याकाळीच त्यांची मंडळी देवळापाशी भेटतात.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जाड सुती पट्टा घेतला, दोन मुठींचा, एक मूठ कुत्र्याजवळ आहे, अडचणीत तिथे धरता येतं, गुडघ्यावर झटका बसत नाही. साडेतीनशे रुपये. खिशात कलेजी. आणि शेरू यापुढे रस्त्यावर कुठल्याच पाळीव कुत्र्याला भेटणार नाही, तीन सेकंदसुद्धा नाही. बाबांना वाक्य पाठ करून दिलंय, "आमचा भेटत नाही, तुम्ही व्हा पुढे". भेटायचं त्याला गल्लीतले त्याचे दोस्त आहेत, तेवढे पुरे.
शेजाऱ्यांकडे मी आणि बाबा काल जाऊन आलो, पोय (गोव्याचा पाव) आणि चहा झाला. त्यांनी कबूल केलंय, सहा ते सात लॅबला पट्टा. बघू.

कान_शेपूट
कोणालाच न भेटणं हाही नियम चांगला आहे, कुत्र्यालाही रोज एकच उत्तर मिळतं. पट्ट्यावर पिवळी फीत बांधा, परदेशात ती खूण चालते, "लांबून जा" म्हणून, इथे कोणाला कळणार नाही पण विचारतील तरी.

फोंड्याचा_तिस्क
एका दिवसात हार्नेसचं ठरवू नका हो, डोक्यावरून न घालता पायांत चढवायचे पण येतात.

पर्वरी_हाइट्स
दोन मुठींचा पट्टा म्हापशात नक्की कुठे मिळाला? भांड्यांच्या ओळीत की चपलांच्या?

बांधावरची
चपलांच्या. टोकाला दोरखंड विकणारे बसतात तिथे. सकाळी लवकर जा, नंतर गर्दीत कुत्र्याला नेऊच नका.