नुसत्या स्पेलिंगवर विसंबू नका

काही जण सुचवतात की आयर्लंडमधल्या गावांच्या नावांचे अर्थ इंग्रजी नकाशांवरच्या स्पेलिंगवरूनच लावता येतील. मला हे धोक्याचं वाटतं. नावांच्या सुरुवातीला येणारं 'किल' घ्या. किल्डेअर या गावाच्या नावात ते चर्चसाठीच्या आयरिश शब्दावरून आलंय (ओक वृक्षाचं चर्च), पण इतर अनेक गावांत तेच 'किल' मुळात रान या अर्थाचं. इंग्रजीत दोन्ही एकसारखी दिसतात, आयरिश उच्चारात वेगळी ऐकू येतात!

आयरिश भाषेचे अभ्यासक जॉन ओ'डोनव्हन १८३० पासून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-मोजणी खात्यासाठी नावांचं मूळ शोधण्याचंच काम करत होते. परगण्या-परगण्यांत हिंडून आयरिश बोलणाऱ्यांच्या तोंडून नाव ऐकायचं, जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहायचं, मग मूळ रूप टिपायचं. नकाशावर इंग्रजी रूप छापलं गेलं, पण टिपणांत आयरिश रूप शिल्लक राहिलं. हे उपकार फार मोठे आहेत.

गावांची नावं निदान कागदावर तरी आहेत. शेतं, खडक, ओहोळ यांची कितीतरी नावं फक्त तिथल्या वृद्धांच्या जिभेवर आहेत. म्हणून आधी त्यांच्या आवाजात नाव रेकॉर्ड करा, जागा आणि सांगणारा कुठला तेही लिहा. अर्थाची चर्चा नंतर करता येईल.