चर्चा: ऑपरेशन थिएटरमध्ये अनुभवी नजर मोठी की यादी?

भूलतज्ज्ञ_सोलापूर
शस्त्रक्रियेच्या आधी आणि शेवटी मिळून जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी मोठ्याने वाचायची असते. रुग्णाचं नाव, कोणती बाजू, ॲलर्जी, रक्ताची सोय. ज्येष्ठ सर्जन वैतागतात, "पेशंटकडे बघितलं की कळतं मला." हे मला अजिबात मान्य नाही. २००९ साली दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यादी आल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर उतरलं. अनुभवी नजर तर आधीही तिथेच होती ना?

गावचा_डॉक्टर
अर्धीच गोष्ट सांगताय, सर. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत १०१ रुग्णालयांनी हीच पद्धत स्वीकारली, आणि मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. २०१४ साली छापून आलंय. कागदावर टिक मारतात, वाचत कुणी नाही.
बेल्जियममध्ये आजारी मुलांवर झालेला अभ्यास (२०१२) बघा. तपासणीत गंभीर काही सापडलं नाही, तरी डॉक्टरला "काहीतरी खटकतंय" असं वाटलं, त्या मुलांत गंभीर संसर्गाचा धोका बराच जास्त निघाला. हे खटकणं कशातून येत होतं? मूल मलूल आहे, हसत नाही, आणि आई म्हणतेय, "हे नेहमीसारखं नाही." तुमच्या यादीत आईला कुठला रकाना आहे?

लेबररूमची_सिस्टर
आमच्याकडे बाळ जन्मलं की पहिल्या मिनिटाला ॲपगार गुण देतात. रंग, नाडी, प्रतिसाद, हालचाल, श्वास, प्रत्येकाला ० ते २. व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५३ साली हे मांडलं. पण बाळ श्वास घेत नसेल तर गुणांसाठी कुणी थांबत नाही, हात आधी चालतात. तरीही मी यादीच्या बाजूने. थिएटरमध्ये नवी सिस्टर मोठ्या सर्जनला "बाजू चुकतेय" म्हणायला धजत नाही. यादी वाचायची असली की तिला बोलावंच लागतं.

भूलतज्ज्ञ_सोलापूर
सिस्टर, अगदी बरोबर. डॉक्टर, आईचा मुद्दाही मान्य. "खटकतंय" असं कुणालाही वाटलं तर थांबावं, पुन्हा तपासावं. माझा विरोध "काही नाही, चला सुरू करू" म्हणणाऱ्या नजरेला आहे. तिच्या भरवशावर तपासणी गाळू नये.

गावचा_डॉक्टर
हे शहरात बोलायला ठीक. माझ्या ओपीडीत पावसाळ्यात तापाची रांग दारापर्यंत असते. प्रत्येकाचं रक्त तपासायचं म्हटलं तर लॅब तालुक्याला, आणि रोज बुडतो पेशंटचा. "काही नाही, घरी जा" हे मला नजरेवरच सांगावं लागतं. ते सांगायचंच नाही, तर मी काय करू, ते तुम्ही सांगा.