मुलाचं नाव: अर्थ बघायचा की ते कुणी वागवलं ते?

भावी_आई
आठवा महिना चालू आहे. मुलगा झाला तर 'जेकब', हे माझं कधीचंच ठरलंय. पण नवऱ्याने अर्थ शोधला: हिब्रूत 'टाच धरणारा', त्यावरून 'दुसऱ्याची जागा बळकावणारा'. आता घरात सगळ्यांचा आग्रह 'मॅथ्यू'चा, म्हणजे देवाचं दान. माझं म्हणणं, नाव ज्यांनी वागवलं त्यांच्याकडे बघावं. तुम्हाला काय वाटतं?

शब्दवेडा
मला नाही पटत. बायबलमध्येच अर्थाला केवढं वजन आहे! तिथे जेकब म्हणजे याकोब. 'याचं नाव याकोब ठेवलं ते बरोबरच, मला दोनदा फसवलं,' असं त्याचा जुळा भाऊ एसाव म्हणतो. राहेल नावाच्या आईने बाळंतपणात मरताना बाळाला 'बेनओनी' म्हटलं, माझ्या दुःखाचा पुत्र. बापाने ते बदलून 'बन्यामीन' केलं, उजव्या हाताचा पुत्र. हा बाप म्हणजे याकोबच! आपला शिष्य शिमोन यालाही येशूने 'केफा', म्हणजे खडक, हे नाव दिलं. तोच ग्रीकमध्ये पेत्र, पुढे पीटर.

जुनं_पान
मग सगळीच नावं तपासा. मार्क आणि मार्टिन ही नावं रोमन युद्धदेव मार्सवरून आली. डेनिस हे डायोनिससवरून, म्हणजे ग्रीकांच्या मद्यदेवावरून. पॉल म्हणजे लहान. थॉमस हा अरामी शब्द, अर्थ 'जुळा'. मग एकट्या जन्मलेल्या मुलाला ते चालणार नाही का?
ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर जन्मला 10 नोव्हेंबर 1483 ला. दुसऱ्या दिवशी, फ्रान्समधल्या तूरच्या संत मार्टिनच्या सणाला बाप्तिस्मा झाला, म्हणून ते नाव. भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा शिपाई, ही त्या संताची आठवण. आईबापांच्या मनात तो होता, मार्स नव्हता.
आणि 'जेम्स' कुणी सुचवलं असतं तर घरात कुणी हरकत घेतली असती का? तेही याकोबच आहे! लॅटिनमध्ये याकोबुसचं याकोमुस झालं, त्यातून जेम्स आलं. स्पेनमधलं सांतियागो म्हणजे संत याकोब. येशूच्या बारा प्रेषितांत दोघे या नावाचे.

शब्दवेडा
जेम्सचा मुद्दा मान्य. पण 533 मध्ये मर्क्युरियस नावाचा पाद्री पोप झाला, तेव्हा रोमन देवाचं नाव नको म्हणून त्याने ते बदलून 'जॉन' घेतलं. म्हणजे अर्थ खटकत होताच.

जुनं_पान
पण घेतलं ते जॉन पहिल्याचं नाव, जो 526 मध्ये कैदेत मेला. म्हणजे पुन्हा माणूसच पाहिला!

अंगण
एक कळकळीची विनंती. नावांच्या याद्यांमधले अर्थ डोळे झाकून घेऊ नका. मायकलचा अर्थ 'देवासारखा' असा छापतात. मूळ हिब्रूत तो प्रश्न आहे: 'देवासारखा कोण?' उत्तर अर्थातच 'कुणी नाही'. म्हणजे अर्थ नेमका उलटा झाला! लूकचा 'प्रकाश' हा अर्थही असाच. बहुतेक जाणकार ते नाव दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांताशी जोडतात.

भावी_आई
सगळ्यांचे आभार. बन्यामीनाची गोष्ट मला हलवून गेली, शब्दवेडा. पण याकोबाची ती रात्रही आठवते. एका अनोळखी माणसाशी पहाटेपर्यंत झुंजला आणि त्याला 'आशीर्वाद दिल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही' म्हणाला. धरलेलं न सोडणारा तो तिथेही तसाच आहे, आणि मला तो तिथेच सगळ्यात जास्त आवडतो. हे सगळं आज रात्री नवऱ्याला वाचून दाखवणार आहे.