जळगावात फ्लॅट घेण्याबाबत: सोसायटी की अपार्टमेंट?

आदरणीय काका,
सादर नमस्कार. आई-बाबांसाठी जळगावात नवी पेठेच्या आसपास लिफ्ट असलेला फ्लॅट घेण्याचा आमचा विचार आहे. जुन्या घराचे जिने आता दोघांनाही झेपत नाहीत. दवाखाना, बँक आणि बाजार पायी जाण्याच्या अंतरावर असावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. टोरोंटोत आम्ही सहा वर्षे डाउनटाउनमधील काँडोमध्ये (तिकडच्या फ्लॅटमध्ये) राहत असल्यामुळे इमारतीतले नियम आम्हाला नवीन नाहीत. तरीही आपण येथील काँडो विकून जळगावी परतलात आणि तेथेही फ्लॅटमध्येच राहता, म्हणून विचारते: नेमके काय पाहावे?

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद. नियम नवीन नाहीत, असे मीही समजत होतो आणि तेथेच फसलो. इमारत तशीच दिसते, लिफ्ट तशीच चालते, म्हणून मालकीही तशीच असेल असे मी गृहीत धरले. टोरोंटोच्या ऑंटारिओ प्रांतात सर्वसाधारण काँडो घेतला की घरासोबत सामाईक भागांतील अविभक्त हिस्सा आपल्या नावावर होतो. महाराष्ट्रात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेले असेल तर साधारण तसेच घडते. मात्र १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली सोसायटी झाली असेल, तर जमीन सोसायटीच्या नावे होण्यासाठी बिल्डरने अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी सोपवणारा दस्त) करून द्यावे लागते. आमच्या बिल्डरने ते केले नाही. मालमत्ता पत्रकावर आजही मूळ जमीनमालकाचेच नाव आहे आणि भर बाजारातल्या या जमिनीचा भाव वाढत असताना, उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर आमचा हात दगडाखाली आहे. आता मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने न दिलेला हक्क अधिकाऱ्याच्या आदेशाने मिळवण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला असून कागद गोळा करण्यातच माझे वर्ष गेले. (टोरोंटोत शंभर डॉलरपर्यंतच्या शुल्कात दहा दिवसांत मिळणारे, इमारतीची आर्थिक व कायदेशीर स्थिती सांगणारे स्टेटस सर्टिफिकेट मला तेव्हा रोज आठवत असे.)

दुसरी गोष्ट सिंकिंग फंडाची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या राखीव निधीची. तेथे राखीव निधीचा अभ्यास दर तीन वर्षांनी करून घ्यावाच लागतो. येथे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) प्रत्येक फ्लॅटमागे बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी जमा व्हावी, म्हणजे २० लाख रुपये खर्चावर ५,००० रुपये. तीस फ्लॅटांचे दीड लाख. लिफ्ट बदलायची झाल्यास हाच पैसा उपयोगी पडतो, पण आमच्या वार्षिक सभेत पहिला ठराव मेंटेनन्स कमी करण्याचाच येतो. जुना फ्लॅट घेणार असाल तर मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. नवा असेल तर महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी आणि कार्पेट (घराच्या आतले प्रत्यक्ष वापराचे) क्षेत्रफळ पाहा.

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे आणि वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का, हे चौकीदाराला विचारावे. बिल्डरपेक्षा तो खरे सांगतो. सर्वांत वरचा मजला मात्र घेऊ नका. मे महिन्यात स्लॅब रात्रभर तापलेला राहतो.

आदरणीय काका,
आपले पत्र बाबांना फोनवर वाचून दाखवले. बिल्डरकडे चौकशी केली असता ‘सोसायटी करून देऊ’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून अभिहस्तांतरणाची मुदत करारनाम्यात लिहून मागितली आहे. आईचा प्रश्न वेगळाच आहे: बिबडे आणि कुरडया वाळवायला गच्ची मिळेल का, आणि भरिताची वांगी काड्यांवर कुठे भाजायची?

चि. ताईस,
गच्ची सामाईक असते, त्यामुळे वाळवणाला सहसा कोणी अडवत नाही. किल्ली मात्र सचिवांकडे असते. वांगी आम्ही शेतावर जाऊन भाजतो. टोरोंटोत एकदा घरात भाजली, तेव्हा धुराचा अलार्म वाजून संपूर्ण मजला जिन्यात आला होता.